काडतुसाची पुंगळी आणि तिची दारू

जबलपूरचे नाव निघाले म्हणजे महाराष्ट्रातील प्रवाशाच्या डोळ्यांपुढे प्रथम भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात आणि धुवांधारचा घोष कानांत घुमू लागतो. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे. १९०४ साली येथे तोफांच्या गाड्यांचा कारखाना, म्हणजेच गन कॅरेज फॅक्टरी, उभा राहिला. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, शहराच्या पूर्वेस खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पहिल्यात तोफ घडते, दुसऱ्यात तिचा घास तयार होतो. २०२१ च्या १ ऑक्टोबरला जुनी आयुध निर्माणी व्यवस्था मोडून सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. तेव्हापासून या दोन कारखान्यांच्या पाट्यांवर दोन निरनिराळ्या कंपन्यांची नावे आली. काम मात्र तेच राहिले.

खमरियासारख्या कारखान्यात जो प्रश्न दररोज सोडवावा लागतो, तो ऐकण्यास अगदी साधा वाटतो. अमुक आकाराची पितळी पुंगळी आहे. तीत कोणत्या जातीची दारू भरावी? सामान्य माणसास वाटते की यात विचार तो कसला करायचा? दारू ती दारू. पुंगळी मोठी असेल तर जास्त भरावी, लहान असेल तर थोडी. हा समज इतका स्वाभाविक आहे की तो खोटा आहे हे कळण्यास शस्त्रविद्येलाही बराच काळ लागला. दारू किती भरावी हा प्रश्न दुसरा. ती कोणत्या वेगाने जळावी हा पहिला. आणि हा वेग पुंगळीच्या आकारावरून, नळीच्या रुंदीवरून व गोळीच्या वजनावरून ठरवावा लागतो. हा मेळ बसला नाही तर एके ठिकाणी गोळी नेमापाशी पोहोचत नाही, दुसरीकडे बंदूक अडते, आणि तिसरीकडे ती धरणाऱ्याच्याच हातात फुटते.

हे समजून घेण्यासाठी नळीच्या आत काय घडते ते पाहू. बंदुकीचा चाप ओढताच आघाताने काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी पेटते, तिची ठिणगी दारूत शिरते आणि दारू जळून तिचा वायू होऊ लागतो. येथे ‘जळून’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. सुरुंगात घालतात ती द्रव्ये आणि बंदुकीत घालतात ती दारू यांत मूळचाच फरक आहे. सुरुंगातले द्रव्य एका क्षणात फुटून जाते. बंदुकीची दारू मात्र कणाच्या पृष्ठभागापासून आत थराथराने, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी, जळत जाते. हा नियम फ्रेंच सेनाधिकारी पियोबेर याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. पुढे पॉल व्हिएय या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यास जोड दिली की, भोवतालचा दाब जितका वाढावा तितका हा थर अधिक वेगाने जळतो. म्हणजे दारू जळते म्हणून दाब वाढतो, आणि दाब वाढतो म्हणून दारू अधिक वेगाने जळते. हे चक्र एकदा सुरू झाले की त्याला आवर घालणारी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे पुढे सरकणारी गोळी. गोळी पुढे सरकली की तिच्यामागची जागा वाढते आणि वायूला पसरण्यास वाव मिळतो.

तेव्हा नळीच्या आत दोन गतींची शर्यत चालू असते: एकीकडे वायू निर्माण होण्याची, दुसरीकडे त्यासाठी जागा मोकळी होण्याची. रायफलीत ही शर्यत साधारण एक ते दीड हजारांश सेकंदात आटोपते. एवढ्या अल्प अवधीत वायू फार लवकर झाला तर गोळी जागची हलण्यापूर्वीच दाब पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे जाईल. फार उशिरा झाला तर गोळी नळीतून निघून गेल्यावरही दारू जळतच राहील आणि तिचा उपयोग नळीच्या तोंडाशी लखलखाट करण्यापुरताच होईल. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका देताना जोर किती लावला यापेक्षा तो कोणत्या क्षणी लावला हे महत्त्वाचे असते. येथेही तसेच आहे.

जुन्या काळ्या दारूच्या राज्यात ही निवड फारशी करता येत नसे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारण ७५, १५ व १० असे प्रमाण, आणि दाणा बारीक की जाड एवढाच काय तो फरक. रंजकासाठी अगदी बारीक, ठासणीच्या बंदुकीसाठी मध्यम आणि तोफेसाठी जाड दाणा घेत. बारीक दाण्यांच्या ढिगाचा एकूण पृष्ठभाग मोठा म्हणून तो लवकर जळतो, हे तत्त्व आमच्या गृहिणी चुलीपुढे केव्हाच शिकलेल्या आहेत. काटक्यांनी आधण लवकर येते, पण रात्रभर धग ठेवायची तर ओंडकाच लागतो. तथापि काळी दारू वजनाच्या मानाने दुबळी होती आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर व काजळी होऊन नळीत राहत असे.

१८८४ साली व्हिएयने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू सिद्ध केली आणि चित्र पालटले. पाठोपाठ आल्फ्रेड नोबेलने १८८७ मध्ये नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन यांच्या मिश्रणाची बॅलिस्टाइट काढली, आणि १८८९ मध्ये इंग्लंडात एबल व ड्युअर यांनी कॉर्डाइट तयार केली. दोरीसारख्या लांब काड्या ओढून ही दारू करीत, म्हणून तिला हे नाव. हिंदुस्थानात निलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा कारखाना निघाला आणि आजही तेथे दारू होते.

आपल्या सैन्याने दोन महायुद्धांत आणि नंतरही वापरलेल्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफलीचे काडतूस या संक्रमणाचे उत्तम उदाहरण आहे. ते १८८८ च्या सुमारास आखले गेले तेव्हा त्यात काळ्या दारूची दाबून केलेली वडी बसवीत. पुंगळीचा आकार त्या वडीच्या मानाने ठरला. तीन-चार वर्षांतच कॉर्डाइट आली आणि असे आढळले की निम्म्याहून कमी वजनाच्या कॉर्डाइटने गोळी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने जाते. आता पुंगळीत जागा शिल्लक राहू लागली. काड्या सैल हलू नयेत म्हणून त्यांच्यावर पुठ्ठ्याची एक चकती बसवावी लागे. आणि काड्या अरुंद मानेतून आत जात नसल्यामुळे आधी सरळ पुंगळीत दारू भरून मग तिची मान आवळावी लागे. एका दारूसाठी बेतलेल्या अंगरख्यात दुसरी दारू बसविण्याचा हा खटाटोप होता. शिवाय पहिल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ५८ टक्के होते; तिच्या प्रखर उष्णतेने नळीचे आटे झपाट्याने झिजत. म्हणून १९०१ मध्ये ते प्रमाण ३० टक्क्यांवर आणून नवी कॉर्डाइट काढण्यात आली. दारूने गोळीला वेग दिला, पण नळीच खाऊन टाकली, तर तो मेळ बसला असे म्हणता येत नाही.

आजची दारू हव्या त्या वेगाने जळेल अशी करता येते. त्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला कणाच्या जाडीचा. थर बाहेरून आत जळत असल्याने जाड कण जळण्यास अधिक वेळ लागतो. दुसरा आकाराचा. भरीव काडी किंवा गोल दाणा जळत जाताना लहान होतो, त्याचा पृष्ठभाग घटतो आणि वायूची निर्मितीही मंदावत जाते. काडीला मधोमध आरपार भोक पाडले तर ती बाहेरून आकसते आणि आतून रुंदावते. पृष्ठभाग जवळजवळ तेवढाच राहतो. सात भोके पाडली तर पृष्ठभाग जळता जळता वाढतच जातो. तिसरा मार्ग लेपाचा. दाण्याच्या बाहेरच्या थरात ज्वलन मंद करणारे द्रव्य मुरवले की आरंभी दारू धिमी जळते आणि गोळीने वेग घेतल्यावर जोर धरते. बारीक दाण्यांवर चढविलेल्या शिशपेन्सिलीच्या शिशासारख्या ग्रॅफाइटच्या लेपाचे काम निराळे: त्याने दाणे घळघळीत वाहतात आणि घर्षणाने विद्युत् भार साचून ठिणगी पडत नाही.

आता प्रश्न असा की, अमुक पुंगळीला यांपैकी कोणती दारू योग्य, हे कसे ओळखावे? त्यासाठी मनाशी एक साधी मोजणी करून पाहता येते. पुंगळीत मावेल तेवढे पाणी घ्यावे आणि ते त्याच बंदुकीच्या नळीएवढ्या रुंद, सरळ उभ्या नळकांड्यात ओतले तर किती उंच चढेल ते पाहावे. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटर काडतुसाच्या १९ मिलिमीटर लांबीच्या पुंगळीत सुमारे ०.८५ घन सेंटिमीटर पाणी मावते, आणि नळी ९ मिलिमीटर रुंद. पाणी जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर चढेल. ७.६२ मिलिमीटर रायफलीच्या ५१ मिलिमीटर लांब पुंगळीत सुमारे साडेतीन घन सेंटिमीटर मावते आणि नळी त्याहून अरुंद. येथे पाणी सात-साडेसात सेंटिमीटर चढेल. थ्री-नॉट-थ्रीचेही उत्तर जवळपास हेच येते. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीत नळी साडेअठरा मिलिमीटर रुंद आणि दारूला मिळणारी जागा थोडी; तिचे पाणी सेंटिमीटरभरही चढणार नाही.

या एका आकड्यात बरेच ज्ञान साठलेले आहे. पाणी कमी चढते तेथे गोळी थोडीशी सरकताच वायूची जागा दुप्पट होते आणि दाब झपाट्याने उतरतो. म्हणून दारू त्याआधीच जळून गेली पाहिजे. छऱ्याच्या बंदुकीला व पिस्तुलाला शीघ्र दारू लागते ती याच कारणाने. पाणी जेथे उंच चढते, तेथे मोठ्या साठ्याचा वायू अरुंद वाटेने गोळीला लोटत असतो. जागा दुप्पट होण्यास गोळीला बराच पल्ला कापावा लागतो. तेथे मंद दारूच हवी. शीघ्र दारूने ती पुंगळी भरली तर गोळी वाट मोकळी करण्यापूर्वीच सारा वायू तयार होईल आणि कोठी फुटेल. त्यातून गोळी जड असेल तर ती हलण्यास आणखी वेळ घेते, म्हणून दारू आणखी मंद निवडावी लागते.

येथे एक शंका येईल. शीघ्र दारू मोठ्या पुंगळीत थोडीच भरली तर? तसे हलके काडतूस करता येते, पण त्यात एक धोका लपलेला असतो. दारू इतकी थोडी दिसते की भरणाऱ्याच्या हातून दुसऱ्यांदा तेवढीच पडली तरी पुंगळी उतू जात नाही आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. याउलट मंद दारू मोठ्या पुंगळीत अपुरी भरली तर ती तळाशी आडवी पसरते. टोपीची ज्वाळा तिच्या अंगावरून निघून जाते, ज्वलन अडखळत सुरू होते आणि दाब अनियमितपणे उसळतो. मंद दारू कमी घातली म्हणजे ती निरुपद्रवी होते, हा समज म्हणूनच घातक आहे. ज्या दारूने पुंगळी बरीचशी भरलेली राहते आणि तरी दाब मर्यादेत राहतो, ती त्या पुंगळीची खरी सोबतीण.

परंतु पुंगळी आणि नळी यांचा हिशेब जुळला म्हणजे काम संपले असेही नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेला हा धडा फार महाग पडला. तेथील एम-१६ रायफल ५.५६ मिलिमीटर काडतुसाची. तिच्या ४५ मिलिमीटर लांब पुंगळीत दोन घन सेंटिमीटरहून किंचित कमी पाणी मावते. वरची मोजणी लावली तर उत्तर ७.६२ च्या इतकेच, सुमारे सात सेंटिमीटर येते. साहजिकच ७.६२ साठी वापरात असलेली गोल दाण्याची दारू तिलाही चालेल असे वाटावे. मूळ रायफल आय.एम.आर. ४४७५ या काडीच्या दाण्याच्या दारूवर सिद्ध झाली होती. पण त्या दारूने ठरलेला वेग ठरलेल्या दाबात साधणे जमेना, म्हणून १९६४ च्या सुमारास डब्ल्यू.सी. ८४६ ही गोल दाण्याची दारू स्वीकारण्यात आली. गोळीचा वेग बरोबर आला, कोठीतला दाबही मर्यादेत राहिला. कागदावर सारे ठीक होते.

चूक निराळ्याच जागी होती. ही रायफल आपोआप भरते ती नळीत पुढे असलेल्या एका भोकातून थोडा वायू मागे घेऊन. नवी दारू अधिक मंद असल्यामुळे गोळी त्या भोकापाशी पोहोचेपर्यंत दाब पूर्वीपेक्षा जास्त टिकून राही. त्यामुळे यंत्र अधिक जोराने मागे फेकले जाऊ लागले आणि गोळीबाराची गती मिनिटाला ८५० या ठरलेल्या कमाल मर्यादेपलीकडे गेली. दारूत आम्ल निष्प्रभ करण्यासाठी घातलेल्या खडूच्या चुऱ्याचा राखेसारखा थर वायूच्या वाटेत साचू लागला. कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्यही सैनिकांना पुरेसे मिळालेले नव्हते. परिणामी रिकामी पुंगळी कोठीतच अडकून बसे आणि शत्रूसमोर सैनिकाच्या हातातील शस्त्र काठीसारखे निरुपयोगी होई. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या इकॉर्ड समितीने १९६७ मध्ये चौकशी करून दारूच्या बदलाला या बिघाडाचे मुख्य कारण ठरविले. पुढे कोठीला क्रोमचा मुलामा देण्यात आला आणि दारूतील खडूचे प्रमाण घटविण्यात आले. तात्पर्य हे की दारूची निवड केवळ पुंगळीसाठी नसते. टोपीपासून यंत्राच्या शेवटच्या खिळ्यापर्यंत साऱ्या शस्त्रासाठी असते. हेच ५.५६ चे काडतूस आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे तयार होत आले आहे. ही कथा आपल्याला परकी नाही.

आता पुन्हा जबलपूरकडे वळू. खमरियाच्या कारखान्याची ख्याती रायफलीच्या काडतुसापेक्षा मोठ्या काडतुसांसाठी: २३, ३० आणि ४० मिलिमीटरच्या तोफांची. तोफ मोठी झाली की गोळ्याचे वजन नळीच्या रुंदीच्या मानाने फार वेगाने वाढते. रुंदी दुप्पट तर वजन सुमारे आठपट. असा गोळा नळीतून बाहेर पडण्यास अधिक वेळ घेतो, म्हणून दाण्याची जाडीही वाढवावी लागते. रायफलीचे दाणे मोहरी-बाजरीच्या जातीचे, तर मोठ्या तोफेच्या दाण्यात हाताच्या बोटाएवढे, सात भोकांचे नळकांडे आढळते. गन कॅरेज फॅक्टरीतून २०१९ च्या एप्रिलमध्ये सैन्याच्या स्वाधीन झालेल्या १५५ मिलिमीटरच्या धनुष तोफेला तर पितळी पुंगळीच नसते. दारूच्या पिशव्या किंवा ठोकळे वेगळे भरतात. जवळच्या पल्ल्यासाठी थोडे, दूरच्यासाठी अधिक. पण थोड्या भारात दाब पुरेसा चढावा म्हणून लहान भारासाठी शीघ्र आणि मोठ्यासाठी मंद दारू, अशी जोडणी तेथेही करावीच लागते. पुंगळी गेली तरी तिचा हिशेब राहतोच.

यात आपल्या हवामानाची आणखी भर आहे. दारू तापलेली असेल तर अधिक वेगाने जळते. मे महिन्यात जबलपुरात पारा ४० अंशांपलीकडे जातो, राजस्थानात त्याहून वर. आणि तेच काडतूस लडाखच्या बर्फातही चालले पाहिजे. म्हणून काडतुसांचे नमुने मुद्दाम तापवून आणि गोठवून त्यांची परीक्षा घेतात. खमरियास याच कामासाठी लाँग प्रूफ रेंज आहे. इटारसी, भंडारा किंवा अरुवनकाडू येथून आलेल्या दारूची एक खेप दुसऱ्या खेपेसारखी तंतोतंत नसते. नाव तेच असले तरी प्रत्येक खेपेची स्वतंत्र चाचणी करून भार किती ठेवावयाचा ते नव्याने ठरवावे लागते. पिशवीवरच्या नावावर विसंबून राहणारा कारखानदार आणि डब्यावरच्या नावावर विसंबणारा हौशी नेमबाज, दोघेही सारखेच फसतात.

अमेरिकेसारख्या काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्यांत घरच्या घरी नवी दारू भरतात आणि त्यासाठी छापील कोष्टके बाळगतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करता येत नाही. आणि वरील विवेचन ज्याने लक्षपूर्वक ऐकले असेल त्याला हा निर्बंध जाचक वाटू नये. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या दाण्यांत एक पिस्तुलाचा आणि दुसरा तोफेचा असू शकतो. त्यांतला फरक हाताला कळत नाही, नाकाला कळत नाही. तो कळतो केवळ दाब मोजणाऱ्या यंत्राला, नाहीतर फुटलेल्या कोठीला.

दारूशी गाठ असणाऱ्यांची जोखीम रणांगणापुरती नसते, हेही आपण विसरू नये. २०२५ च्या २४ जानेवारीला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात अनेक कामगारांनी प्राण गमावले. जी दारू सीमेवरच्या सैनिकाच्या नळीत हजारांश सेकंदात, ठरल्या क्रमाने आणि ठरल्या दाबाने जळावी म्हणून इतका खटाटोप होतो, ती तेथवर सुखरूप पोहोचावी म्हणून कोणीतरी आयुष्यभर तिच्या शेजारी उभा असतो. जबलपूर, भंडारा, वरणगाव, खडकी या गावांत अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शस्त्राचे सामर्थ्य आपण स्फोटाच्या आवाजावरून मोजतो. त्यांना मात्र ठाऊक असते की ते सामर्थ्य आवाजात नसून आवरात आहे. योग्य पुंगळीत योग्य दारू भरणे म्हणजे अग्नीला वेळेचे बंधन घालणे होय, आणि त्या बंधनाच्या एका टोकाला नेहमी एखाद्या माणसाचा जीव बांधलेला असतो.